डावीकडची फळी

आमच्या लोखंडी ट्रंकेत एक निगेटिव्ह आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्याच वर्षी कधीतरी माझ्या मामांनी परळच्या आमच्या चाळीसमोर तो फोटो काढला. मधोमध विटीदांडू खेळणारी पोरं. डाव्या कडेला उंबऱ्यावर बसलेले माझे वडील. सावल्या पायाशी आलेल्या आहेत, म्हणजे वेळ दुपारची. पहिल्या पाळीचा माणूस त्या वेळी साच्यावर असायला हवा होता.

काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी कुणी हा फोटो मागून नेला. छापून आला तेव्हा त्यात वडील नव्हते. शिवाय कृष्णधवल फोटोत संगणकावर रंग भरले होते. कठड्यावर वाळत घातलेलं आईचं निळं लुगडं हिरवं झालं होतं. विचारलं तर उत्तर आलं, पान चौकोनी होतं, कडेचा माणूस अडत होता. उरलं ते सुखी बालपणाचं चित्र. संप त्यातून गेला होता.

तेव्हापासून रस्त्यावरच्या छायाचित्रांतली छाटणी आणि रंग हा माझा नाद झाला. पदवी नाही, रद्दीवाल्यांकडची पुस्तकं आणि वाचनालयं हेच माझं विद्यापीठ.

या विषयाची सुरुवात कुणीही आंरी कार्तिए-ब्रेसाँपासून करील. छायाचित्र डोळ्यांनी रचायचं, नंतर कात्रीने नाही, हा त्यांचा आग्रह. १९५२ च्या पुस्तकात त्यांनी बजावलं, की चांगला फोटो छाटला तर त्यातल्या प्रमाणांचा मेळ मोडतो. पूर्ण चौकट छापली आहे हे कळावं म्हणून त्यांच्या अनेक प्रिंटांना काळी किनार असते. आणि गंमत अशी, की त्यांचा सर्वांत प्रसिद्ध फोटोच छाटलेला आहे! पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे १९३२ मध्ये टिपलेला, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून त्यांनी कॅमेरा रोखला होता. निगेटिव्हवर डावीकडे त्या फळीचा काळा पट्टा आहे. प्रिंट करताना तो काढला, खालचाही थोडा भाग गेला.

यावर त्यांना ढोंगी म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला तसं वाटत नाही. ती फळी रस्त्यावरच्या घटनेत नव्हती, ती छायाचित्रकाराच्या वाटेत होती. पण इतिहास शोधणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. हा माणूस कुठे उभा होता, त्याला किती दिसत होतं, हे ती सांगते. प्रिंट बघताना वाटतं, सगळं जग त्याच्यासमोर उघडं होतं. निगेटिव्ह सांगते, तो फटीतून डोकावत होता.

१९६६ मध्ये कार्तिए-ब्रेसाँ जयपुरात काम करत असताना चोविशीतला एक स्थानिक तरुण त्यांच्याबरोबर फिरला. रघुवीर सिंग. चौकटीची शिस्त त्याने उचलली, कृष्णधवल मात्र नाही. रंगाला कलेच्या दालनात मान मिळण्याआधीपासून तो कोडॅक्रोमवर काम करत होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात विल्यम एगलस्टनच्या रंगीत फोटोंचं गाजलेलं प्रदर्शन झालं ते १९७६ मध्ये. ‘रिव्हर ऑफ कलर’ या १९९८ च्या पुस्तकात सिंग म्हणतात, की रंगाविषयीची शंका पाश्चात्त्यांची; राजपूत आणि मुघल लघुचित्रं बघत वाढलेल्या भारतीय नजरेला ती पडलीच नसती. हे विधान मला जरा ताणलेलं वाटतं. (आपल्याकडेही उत्तम कृष्णधवल काम झालंच की.) पण त्यांचे फोटो पाहिले की वाद घालावासा वाटत नाही. हावड्याच्या फुटपाथवरचं आरशांचं दुकान घ्या. प्रत्येक आरसा रस्त्याचा एकेक तुकडा कापून दाखवतो, तरी बाहेरचा रस्ता हरवत नाही. ॲम्बॅसिडर मोटारीच्या दारा-खिडक्यांतून तर त्यांनी अख्खं पुस्तक केलं. तिथे मोटारीची कड लपवलेली नाही. तीच चौकट आहे. सँ-लाझारची फळी जणू परत जागेवर बसवलेली.

कोडॅक्रोम ही स्लाइडची फिल्म. प्रकाश जरा चुकला की रंग गेला. निगेटिव्हसारखं प्रिंट करताना सावरून घेता येत नाही. रंगाची निवड रीळ भरतानाच झालेली असते. संगणकावर रंग भरणाऱ्याने ते लुगडं पाहिलेलंच नसतं. आणि एक बारीक गोष्ट: फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, पण स्लाइड पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये बसवली की चारही कडा थोड्या झाकल्या जातात. म्हणजे कधीच न छाटणाऱ्याचीही थोडी छाटणी पुठ्ठा करतोच.

हे कळल्यावर मी मामांची निगेटिव्ह पूर्ण स्कॅन करून घेतली, काळ्या किनारीसकट. वडील परत आले. त्यांच्याही डावीकडे, किनारीला टेकून, कुणाचा तरी एक गुडघा आणि विडी धरलेला हात दिसतो. बाकीचा माणूस मामांनीच, बटण दाबताना, बाहेर ठेवला आहे. चाळीतली जी चार-दोन म्हातारी माणसं अजून हयात आहेत, त्यांना तो फोटो दाखवत सध्या मी फिरतो आहे. दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली आहेत.