दाभोळ : व्यापाराची वाट आणि आगीची

१/ सह्याद्रीतून उतरलेली वाशिष्ठी नदी चिपळूणवरून वाहत येऊन दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. आज येथे एक शांत गाव दिसते. मध्ययुगात मात्र हे कोकणातील अग्रगण्य बंदर होते.

२/ या वैभवाचे कारण खाडी. तिच्यात गलबतांना आसरा मिळे, आणि माल होड्यांतून चिपळूणपर्यंत व पुढे घाटवाटांनी देशावर जाई. दख्खनच्या सुलतानांना हवे असलेले अरबी घोडे येथेही उतरत. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १४७० च्या दशकात मायदेशी निघाला, तो दाभोळहूनच.

३/ पण व्यापाऱ्याला खुली असलेली वाट शत्रूलाही खुलीच होती. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाचा पुत्र लोरेन्सो मारला गेला. त्याला मारणारे आरमार इजिप्त व गुजरातचे होते. दाभोळ तर आदिलशाहीचे! तरीही सूडासाठी दीवकडे निघालेल्या अल्मेदाने डिसेंबरअखेर वाटेत दाभोळवर हल्ला केला. शहर जाळले, स्त्रिया-मुलांचीही कत्तल झाली.

४/ फेब्रुवारी १५०९ मधील दीवचा पोर्तुगीज विजय इतिहासाच्या पुस्तकांत ठळकपणे येतो. त्याआधीच्या या कत्तलीला तेथे क्वचितच जागा मिळते.

५/ दाभोळ पुन्हा उभे राहिले. तेथे गेलात, तर आदिलशाही काळातील घुमटाची मशीद अवश्य पाहा. मग फेरीबोटीने धोपाव्याला उतरून अंजनवेलच्या गोपाळगडावर जा. तेथून खाडीचे मुख न्याहाळा : घोड्यांची गलबते आणि अल्मेदाचे आरमार, दोन्ही येथूनच आत आली.