वरच्या मजल्यावरची मुंबई

5 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईत ‘नीलांबरी’ शेवटची धावली. पर्यटकांना शहर दाखवणारी ही बिनछपराची डबल डेकर 26 जानेवारी 1997 ला पर्यटन महामंडळाने सुरू केली होती आणि ती चालवत होती शहराची बससेवा सांभाळणारी बेस्ट. तिच्या आधी अवघे वीस दिवस, 15 सप्टेंबरला, अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झला जाणारी बेस्टची शेवटची डिझेल डबल डेकर निवृत्त झाली होती. गाड्यांचं पंधरा वर्षांचं ठरलेलं आयुष्य संपलं, हे दोन्ही वेळचं अधिकृत कारण, आणि ते खरंही आहे. तरी या दोन तारखा इतक्या लागून येतात यात मला योगायोग दिसत नाही. पाहुण्यांना मुंबई दाखवणारी बस ही कधी वेगळी सेवा नव्हतीच. चाकरमान्याच्या रोजच्या बसला फुटलेली ती एक फांदी होती. खोड गेल्यावर ती एकटी उभी राहणं शक्य नव्हतं.

मुंबईच्या रस्त्यावर दुसरा मजला आला तो नजाऱ्यासाठी नव्हे, गर्दीसाठी. 1907 साली विजेची ट्राम सुरू झाली आणि प्रवासी इतके वाढले की 1920 मध्ये दुमजली ट्राम आणावी लागली. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटार बस धावली आणि 1937 मध्ये बसलाही मजला चढला. हिशोब साधा होता. रस्त्याची तेवढीच लांबी अडवून जवळपास दुप्पट माणसं न्यायची. 31 मार्च 1964 ला ट्राम बंद झाली, तेव्हापासून वरचा मजला उरला तो बसचाच. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेस्टकडे सुमारे 900 डबल डेकर होत्या. त्या काळी गावाहून आलेल्या पाहुण्याला मुंबई दाखवायला वेगळ्या बसची गरज काय होती? जिना चढून वर जायचं आणि पुढची जागा पकडायची. समोर अख्खी काच, खिडकीतून भरारा वारा, आणि एखाद्या वळणावर झाडाची फांदी टपावर खरखरत जायची. हे सगळं नेहमीच्या तिकिटात मिळत होतं.

ही उंची मुंबईत का मोलाची, हे फोर्टात कळतं. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्यावर सलग कमानी आहेत आणि पादचारी त्या कमानींच्या आतून चालतो. उन्हापावसाची उत्तम सोय झाली, पण ज्या इमारतीखालून तो जातो तिचा दर्शनी भाग त्याला दिसतच नाही. कोरीव काम तर सगळं वर आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतींवरचे मोर, माकडं आणि पानाफुलांच्या वेली. हॉर्निमन सर्कलच्या कमानींच्या मध्यशिळेतून बाहेर डोकावणारे दगडी चेहरे. आणि जिथे पहिली बस थांबली त्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचं, 1869 च्या इमारतीतलं, कष्टकरी माणसांचं उठावशिल्प. मार्केटच्या गर्दीत खांद्याला खांदा घासत चालणाऱ्याने मान वर करून ते बघायचं म्हटलं तरी जमत नाही. जमिनीपासून दहा-बारा फुटांवर बसलेल्याला मात्र ते समोर येतं. नीलांबरीत शेवटी वरच्या मजल्याला 150 रुपये आणि खालच्याला 75 रुपये तिकीट होतं. मार्ग तोच, वेळ तीच, इमारतीही त्याच. दुप्पट पैसे होते ते उंचीचे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा असतो आणि तो पोकळ नाही. डबल डेकरला दोन कंडक्टर लागतात, इंधन जास्त जातं, उड्डाणपुलांच्या शहरात सगळ्या मार्गांवर ती चालत नाही. पण हाच आक्षेप माझं म्हणणं पक्कं करतो. शेकडो डबल डेकर रस्त्यावर होत्या तेव्हा त्यांचे सुटे भाग, त्यांचे मिस्त्री आणि उंच गाडी वळवण्यात हात बसलेले ड्रायव्हर डेपोत होतेच. त्यातून दोन-तीन गाड्या पर्यटकांसाठी चालवणं जड नव्हतं. फक्त त्या दोन-तीन गाड्यांसाठी हे सगळं सांभाळायचं, तर ते कुणालाच परवडणार नाही. दुसरा आक्षेप असा की ‘मुंबई दर्शन’च्या खासगी बस चालूच आहेत, पर्यटकाचं काही अडलेलं नाही. त्या बस पर्यटकाला ठिकाणी नेऊन उतरवतात आणि पुढच्या ठिकाणासाठी पुन्हा आत बसवतात. मधला रस्ता म्हणजे त्यांच्या लेखी नुसतं अंतर. नीलांबरीचं दर्शन त्या मधल्या रस्त्याचंच होतं. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हटलं तेही एकेकट्या वास्तूला नव्हे, एका मैदानाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या अख्ख्या समूहाला. असा समूह चालत्या गाडीतूनच नीट उलगडतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. फेब्रुवारी 2023 पासून विजेवरच्या वातानुकूलित डबल डेकर धावू लागल्या, मग गेलं काय? धूर गेला, उकाडा गेला, आणि रोजच्या प्रवाशाच्या दृष्टीने हे मोठं सुख आहे. ते नाकारू नये. पण या गाड्या भाडेतत्त्वावर घेतलेल्या आहेत. जुन्या गाड्या बेस्टच्या स्वतःच्या होत्या, त्यांचं काय करायचं हे बेस्ट ठरवू शकत होती. 2007 मध्ये टी-20 विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघाची विमानतळापासून वानखेडेपर्यंत मिरवणूक निघाली ती बेस्टच्या अशाच, नीलांबरीसारख्या उघड्या बसमधून. 4 जुलै 2024 रोजी पुन्हा विश्वविजेता संघ आला, मरीन ड्राइव्ह माणसांनी भरून गेला, आणि खेळाडू ज्या उघड्या बसवर उभे होते ती गुजरातहून आणलेली होती.