परांचीवरचा माणूस आणि कायदा

किल्लारीच्या भूकंपाचा इतिहास आपण घरांच्या बाजूने पुष्कळ सांगितला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे लातूर-उस्मानाबादकडे ५२ गावं नव्याने वसवली, लाखावर घरांची डागडुजी झाली. गावोगावचे गवंडी लिंटेल पट्टा, कोपऱ्यातली सळई अशी भाषा बोलू लागले. घराने कसं उभं राहायचं ते ठरलं. पण ते घर बांधणारा परांचीवरचा माणूस? त्याने पडू नये म्हणून तेव्हा कायद्यात काय होतं?

१९२३ चा भरपाई कायदा होता. पण तो माणूस पडल्यावर हिशोब मांडायचा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३२ उंचीवरच्या कामाला कठडा किंवा तशी सोय मागत होतं. मात्र घराचं बांधकाम म्हणजे कारखाना नव्हे. शिवाय त्या कलमालाही शेपूट होतं: वाजवीरीत्या शक्य असेल तितपत. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे शब्द सोडवत नाहीत. वाजवी कुणाच्या लेखी? १९४९ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने खाणीत मेलेल्या एका कामगाराच्या खटल्यात याचा उलगडा केला. एका पारड्यात धोका, दुसऱ्यात पैसा, वेळ आणि त्रास. धोक्याच्या मानाने खर्च अगदीच अवाच्या सवा असेल, तरच मालक सुटला. म्हणजे तराजू मुद्दाम कामगाराकडे झुकवलेला. आपल्याकडे कामावर त्याचा अर्थ होतो, ‘जमलं तर बघू’.

बांधकाम मजुरांचा स्वतंत्र कायदा आला १९९६ मध्ये, पुनर्वसन चालू असताना. परांची, जाळी, कमरेचा पट्टा, तो अडकवायचा दोर यांचे तपशील १९९८ च्या केंद्रीय नियमांत आले. पण ते केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांना. बाकीच्या कामांना राज्याचे नियम हवे होते, आणि महाराष्ट्राचे नियम २००७ चे! तोवर नवी गावं राहती झाली होती. नांदेडात २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीची कामं झाली, तेव्हा निदान कागद तरी हाताशी होता.

आता एवढं सांगतो, मग प्रश्न घेऊ. हा १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक मजूर असतील तिथेच लागत होता. स्वतःच्या राहत्या घराचं काम दहा लाखांच्या आत असेल, तर घरमालक त्यातून मोकळा होता. औसा-मुखेडकडे एक गवंडी, दोन बिगारी आणि मालकाचा मुलगा एवढ्यांत घर उभं राहतं. बल्ल्या सुतळीने बांधलेल्या, कठडा नाहीच. २०२० च्या नव्या संहितेत घराची ही मर्यादा दहावरून पन्नास लाखांवर नेली आहे. दहा मजुरांची अट तशीच आहे.