फराहबाग

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या आग्नेयेला, तटाबाहेर असलेला निजामशाही काळातील उद्यानमहाल. मूळ नाव फराहबक्ष, म्हणजे आनंद देणारा. राजधानीच्या गजबजाटापासून दूर, विसाव्यासाठी बांधलेले हे राजघराण्याचे बागेतील निवासस्थान. निजामशाहीतील चंगीजखान या मंत्र्याच्या काळात कामाला प्रारंभ झाला. पहिली वास्तू पसंत न पडल्याने ती पाडून नव्याने उभारण्यात आली. मुर्तजा निजामशाह पहिला याच्या कारकिर्दीत सलाबतखानाने १५८३ मध्ये ती पूर्णत्वास नेली.

दगड-चुन्याचा हा दुमजली अष्टकोनी महाल एका विस्तीर्ण हौदाच्या मध्यभागी उभा आहे. मधल्या उंच दालनावर घुमट असून बाजूंना उत्तुंग कमानी आहेत. हौदासाठी दूरवरून नळांवाटे पाणी आणले जाई. पाण्यावरून येणारा वारा कमानींतून आत शिरे आणि भर उन्हाळ्यातही दालने गार राहत. रचनेवर इराणी उद्यानवास्तूंचा ठसा स्पष्ट आहे.

आज हौद कोरडा आहे. गिलावा जागोजागी निखळला असून त्यामागचे ओबडधोबड दगड दिसतात. तरीही दख्खनच्या जलमहालांत फराहबागेचे स्थान मानाचे आहे. तिचे जतन अगत्याचे आहे.