बंद दर्याचें हर्णै

ज्येष्ठांत समुद्रावरून निघालेला मेघ सह्याद्रीस अडला, कीं पोलादपूर तालुक्यांतील कुडपणासारख्या डोंगरी गांवांत वर्षाच्या कामास आरंभ होतो. उतारावरील नाचणी-वरीचें सारें भवितव्य त्या मेघाच्या हातीं. त्याच मेघानें किनाऱ्यावरील कोळ्यांचा हंगाम मात्र मिटतो. एकाच पावसानें डोंगरांत दार उघडावें आणि बंदरांत तें लागावें, ही कोंकणची रीत आहे. महाडहून भर पावसाळ्यांत एखाद-दुसऱ्या दिवसासाठीं दापोली तालुक्यांतील हर्णैस जाणाऱ्या प्रवाशास ती तेथें पाऊल टाकतांच दिसते.

एरव्हीं मासळीच्या लिलावानें गजबजणारी तेथील पुळण या दिवसांत ओस असते. होड्या भरतीच्या रेषेवर ओढून झांकून ठेविलेल्या असतात. शेजारच्या पाजपंढरींत जाळ्यांची डागडुजी चालते आणि जेवणाची भिस्त सुकटीवर व सुक्या बोंबलांवर असते. अलीकडच्या वर्षांत सामान्यतः १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांस बंदीचा काळ ठरविलेला असतो. कारण हा मासळीच्या विणीचा काळ. पूर्वी असा लेखी नियम नव्हता. दर्याचा हुकूम पुरेसा होता. नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावांचून कोळी होडी पाण्यांत लोटीत नसे. पुढें आगबोटी आल्या, तरी पावसाळ्यांत त्याही या बंदराकडे फिरकत नसत.

असा प्रवासी किनाऱ्यावर उभा राहून समोरचा सुवर्णदुर्ग पाहतो. किल्ला नजरेच्या टप्प्यांत असतो. पण मधल्या खवळलेल्या पाण्यांतून त्यास तेथें नेणारा कोणी नसतो. आपलें येणें अवेळीं झालें, असें त्यास वाटतें. परंतु या किल्ल्याचा इतिहास समजण्यास हीच वेळ योग्य होय. निसर्गानें या किल्ल्याभोंवतीं वर्षांतून चार महिने एक जास्तीचा तट उभा केला होता. भारी तोफांचें गलबत या उघड्या समुद्रांत पावसाळ्यांत नांगर टाकून राहूं शकत नसे. मग वेढा कसा पडावा?

या तटाची खरी परीक्षा १७५५ सालीं झाली. कान्होजी आंग्र्यांचा पुत्र तुळाजी पेशव्यांस जुमानीत नव्हता. त्याचा मोड करण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांच्या सरकारनें मुंबईकर इंग्रजांशीं संगनमत केलें. कमोडोर जेम्स २२ मार्च रोजीं मुंबईहून निघाला आणि २ एप्रिल रोजीं त्यानें सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. तोफगोळ्यांनीं लागलेली आग दारूच्या कोठारास भिडून स्फोट झाला आणि किल्ला पडला. करारानुसार तो पुढें पेशव्यांकडे आला. पण याहून पुढें जाण्यास जेम्सला मुंबईनें परवानगी दिली नाहीं. पावसाळा तोंडावर होता. तुळाजीस दर्यानें अशी कांहीं महिन्यांची मुदत दिली. मात्र आंग्रे आणि पेशवे यांच्यांतील तेढ त्या मुदतींत मिटली नाहीं. उलट पाऊस सरल्यावर वॉटसनचें आरमार व क्लाइव्हचें सैन्य मुंबईस आलें. १३ फेब्रुवारी १७५६ रोजीं विजयदुर्ग पडला. त्या लढाईंत आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. मराठ्यांचें सर्वांत बलाढ्य आरमार मराठ्यांच्याच संमतीनें बुडालें.

यानंतर सुमारे सत्तेचाळीस वर्षांनीं हर्णैस आणखी एक पाहुणा अल्प मुक्कामास आला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसराजवळ यशवंतराव होळकरानें पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुण्यांतून निघाला तो सिंहगड, रायगड, महाड असा कोंकणांत उतरून सुवर्णदुर्गास आला. पावसाळा संपून दर्या नुकताच खुला झाला होता. हाच प्रसंग आषाढांत घडता, तर बाजीरावास सह्याद्री व बंद समुद्र यांमध्येंच आपल्या माणसांशीं कांहींतरी तोड काढावी लागती. परंतु समुद्र मोकळा होता आणि इंग्रज बोलावणें येण्याचीच वाट पाहत होते. डिसेंबरच्या आरंभीं त्यांच्या जहाजानें बाजीराव वसईस पोंचला. ३१ डिसेंबर रोजीं झालेल्या वसईच्या तहानें पेशव्यांच्या सत्तेचें स्वातंत्र्य इंग्रजांकडे गहाण पडलें.

ज्या समुद्राचें दार एका पेशव्यानें इंग्रजांस उघडून दिलें, त्याच समुद्रावर दुसऱ्या पेशव्यास इंग्रजांच्या जहाजांत आश्रयार्थी म्हणून बसावें लागलें. पावसानें तटाचें काम दरसाल चोख केलें; पण पाऊस चारच महिने पहारा करूं शकतो. उरलेल्या आठ महिन्यांचा पहारा माणसांनीं करावयाचा असतो. हर्णैच्या ओस पुळणीवर एक दिवस काढून परतणाऱ्या प्रवाशानें पदरीं बांधून न्यावें असें यापरतें दुसरें कांहीं नाहीं.