क्रमशः म्हणजे वचन

मंडळी, ‘क्रमशः’ हा शब्द आताच्या मुलांना ठाऊक आहे का हो? आमच्या पिढीला तो धड्यांपेक्षा मासिकांनी शिकवला. गोष्टीच्या शेवटी कंसात ‘क्रमशः’ छापलं की संपादकानं वचन दिलं असं आम्ही समजायचो. इंदूरला पुण्या-मुंबईचे अंक टपालानं यायचे. एखादा गहाळ झाला की आजी शेजारीपाजारी विचारून यायची, "तुमच्याकडे आलाय का गं? पुढे काय झालं त्याचं?"

ही ओढ जुनीच. हरि नारायण आपट्यांचं ‘करमणूक’ १८९० साली सुरू झालं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यातूनच हप्त्याहप्त्यानं घरोघरी गेली. हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. तिकडे इंग्लंडात डिकन्सनं बारा भागांची म्हणून आखलेली ‘एडविन ड्रूड’ सहाव्या भागावर थांबली, कारण १८७० च्या जूनमध्ये तो गेलाच. पण लेखकच गेला तर वाचक रागावणार कुणावर? हळहळतो आणि गप्प बसतो.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शनच्या मराठी मालिका आम्ही मुंबईला सुट्टीत गेलो तरच बघायला मिळायच्या, त्यामुळे सगळ्या अर्ध्याच. १९९९ साली अल्फा मराठी आणि २००० साली ई टीव्ही मराठी उपग्रहावरून आले, तेव्हा कुठे इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांत रोज संध्याकाळी मराठी ऐकू येऊ लागली. ‘आभाळमाया’च्या वेळी फोन केला तर उचलायचे नाहीत लोक! टीआरपी घसरला की वाहिनी मालिका गुंडाळायची. पंधरा दिवसांत खलनायिकेला पश्चात्ताप, रखडलेलं लग्न उरकलं, सगळे देवदर्शनाला. आम्ही खूप हसलो त्यावर. आज वाटतं, ती रीत होती. पाहुण्याला जेवणाच्या मधूनच कोणी उठवत नाही.

आता नेमकं तेच होतंय. ‘द ओए’ पाच पर्वांची आखलेली, नेटफ्लिक्सनं २०१९ साली दोनांवर बंद केली. ‘सेन्स८’ मध्ये तर आपल्या मुंबईची काला होती. २०१७ च्या जूनमध्ये तीही दोन पर्वांनंतर बंद. जगभरच्या प्रेक्षकांनी इतका गलका केला की पुढच्या वर्षी शेवटचा एक लांबलचक भाग काढावा लागला. पण असा शेवट नशिबात किती मालिकांच्या?

कारण हिशेबाचं आहे. नवी मालिका नवे वर्गणीदार आणते. जुनीचं पुढचं पर्व महाग होतं आणि नवे लोक फारसे आणत नाही. मग लोकही शहाणे होतात: "आधी पूर्ण होऊ दे, मग बघू." असे सगळेच थांबले की सुरुवातीला आकडे कमी दिसतात, आणि त्याच आकड्यांवर मालिका बंद होते. दुष्टचक्रच म्हणायचं.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना हे करमणुकीचं दुःख वाटेल. आपल्याकडे जरा वेगळं आहे. आमची नात शाळेत हिंदी-इंग्रजी बोलते. एका ॲपवर मराठी मालिका लागली, तर आम्हा दोघांच्या मधे बसून बघायची. ‘वैताग’, ‘लुडबुड’, ‘आगाऊ’ हे शब्द तिथूनच घेतले तिनं. पहिलं पर्व ऐन रंगात संपलं आणि पुढचं आलंच नाही. काही महिने विचारत राहिली, मग हिंदी मालिकांकडे वळली. तिचं काही चुकलं नाही. घराबाहेर जिथे मराठी कानावर पडत नाही, तिथे गोष्ट तुटली की भाषेचा रोजचा अर्धा तासही जातो.

म्हणून वर्गणी घेणाऱ्यांकडे एवढंच मागणं आहे. बंद करायची तर करा, पण शेवटचा एक भाग द्या. गुंडाळलेला चालेल, पश्चात्ताप-देवदर्शनासकट.

बडोदा, बेळगाव, हैदराबादकर मंडळींनो, तुमच्या घरात कुठली गोष्ट अर्धी राहिली? आणि मुलांना पुढचं कोणी सांगितलं का? जरूर लिहा.