पटावरचा मुलूख

खेळाच्या पुस्तकात काय असतं? नियम असतात, असं कुणीही सांगेल. भिडू किती, दान कसं टाकायचं, जिंकलं कोण हे कसं ठरवायचं. पण गेल्या पन्नासेक वर्षांत पाश्चात्त्य देशांत खेळाच्या पुस्तकांचा एक निराळाच प्रकार रुजला आहे. ही पुस्तकं दोन-तीनशे पानांची असतात. त्यांत नियम थोडे आणि भूगोल फार. तोही कधीच नसलेल्या देशाचा. तिथल्या नद्या, घाट, राजघराणी, देवदेवता, बाजार आणि भाऊबंदकीसुद्धा! असं नवं पुस्तक निघायचं म्हटलं की खेळणारी मंडळी त्याची वाट पाहतात, आपण दिवाळी अंकांची पाहतो तशी. त्याला तिकडे ‘कॅम्पेन सेटिंग’ म्हणतात. आपण ‘खेळाचा मुलूख’ म्हणू.

हा खेळ चालतो कसा? टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार. बाकीचे एकेक सोंग घेतात. कुणी योद्धा, कुणी वैदू, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, ‘नदीला पूर आला आहे, नावाडी नाव घालायला तयार नाही. आता काय कराल?’ ज्याने त्याने आपापल्या सोंगाला साजेल असं बोलायचं. नावाड्याने ऐकलं की नाही, हे फासा ठरवतो. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा खेळ छापून विकायला आणला. त्यानंतर त्याच्यासाठी मुलूख रचण्याची चढाओढच लागली. खेळ काढणाऱ्या कंपनीने २००२ मध्ये नव्या मुलखासाठी स्पर्धा ठेवली, तेव्हा सुमारे अकरा हजार कल्पना आल्या. त्यांतली एक निवडून २००४ मध्ये ‘एबेरॉन’ नावाचं पुस्तक निघालं.

आपले देवही या खेळात फार लवकर पोचले. १९८० मध्ये निघालेल्या त्यांच्या एका पुस्तकात इंद्र, अग्नी, वरुण, यम यांची वर्णनं आहेत. कुणाचं बळ किती, कोण किती घाव सोसेल, याचे आकडे मांडलेले! ते लिहिणारे परके होते. २०२२ मध्ये मात्र याच खेळाच्या एका पुस्तकात मिमी मंडल या मूळच्या कोलकात्याच्या लेखिकेने बंगालच्या मातीवरून सुचलेला ‘शंखभूमी’ नावाचा मुलूख मांडला. आपला मुलूख आपणच लिहायचा, एवढी मजल गाठायला बेचाळीस वर्षं लागली.

मग आपल्याकडे असं काही नव्हतं का? होतं. फक्त ते पुस्तकात नव्हतं, कापडावर होतं.

आमचं दौंड तालुक्यातलं भांडगाव पुणे-सोलापूर रस्त्यावर, तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर आहे. यवतचा मुक्काम हलला की वरवंडला जाताना पालखी इथूनच पुढे सरकते. या वाटेने चालणाऱ्या संप्रदायाला खेळाचं वावडं कधीच नव्हतं. फुगडी, हमामा, हुतुतू, विटीदांडू हे सगळे खेळ संतांच्या अभंगांत आले आहेत. याच संप्रदायात एक परंपरा सांगतात, की ज्ञानदेवांनी मोक्षपट नावाचा खेळ रचला. ही श्रद्धेची गोष्ट झाली. अभ्यासकांच्या हाती असलेले जुने पट अठराव्या शतकापासूनचे आहेत. जेकब श्मिट-मॅडसेन या डॅनिश अभ्यासकाने तर पश्चिम भारतातल्या या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला. तो २०१९ मध्ये पूर्ण झाला.

या पटाची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. प्रत्येक घराला नाव असतं. कुठे काम, कुठे क्रोध, कुठे मत्सर; कुठे दया, कुठे सत्संग, कुठे भक्ती. दुर्गुणाच्या घरी साप, सद्गुणाच्या घरी शिडी. पट एकच एक नव्हता. जैनांचा बहुधा ८४ घरांचा, वैष्णवांचा ७२ घरांचा. या ७२ घरांच्या पटातली गंमत अशी, की पोचायचं ते वैकुंठ शेवटच्या घरात नाहीच. ते ६८व्या घरात आहे. दान मोठं पडलं आणि सोंगटी पुढे निसटली, तर ७२व्या घरात तमोगुणाचा साप वाट पाहत असतो. तो खाली पृथ्वीच्या घरात आणून सोडतो. मोक्षाच्या दारातूनही माणूस घसरतो, हे कीर्तनात तासभर सांगावं लागतं. पटावर ते एका दानात कळतं. खेळणारा नुसता वर चढत नसे. कुठल्या घरातून कुठे गेलो याची नावं वाचत तो एक जन्म जगून पाहत असे.

अशाच एका पटाची प्रत मेजर हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी १८३१ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला दिली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडात हा खेळ छापून विकला जाऊ लागला. आधी त्यात तिकडचे सद्गुण-दुर्गुण आले, मग तेही गळाले आणि नुसते आकडे उरले. अमेरिकेत १९४३ मध्ये साप काढून घसरगुंड्या घातल्या. तो आकड्यांचा पट इकडे आला आणि आपण त्याला सापशिडी म्हणून घरात घेतलं. नियम तेच राहिले, मुलूख गेला. ९९ वरचा साप का गिळतो, हे आज मूल विचारत नाही आणि विचारलं तरी आपल्याला सांगता येणार नाही.

सावंतवाडीच्या गंजिफाचं नेमकं उलट झालं. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसवले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं, अशी १२० गोल पानं. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान, बाकी दहा पानं एक्क्यापासून दश्शीपर्यंत. अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या अर्ध्यांत एक्का वरचढ. हुकूम नाही. आणि दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची पहिली उतारी, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाची. बाहेर ऊन आहे की दिवे लागले आहेत, यावर डावाची सुरुवात ठरावी, ही केवढी कल्पकता!

कापडाला चिंचोक्याची खळ लावून, वर लाखेचा हात देऊन ही पानं तयार होत. छापील पत्ते स्वस्त झाले तसा हा धंदा बसला. विसाव्या शतकाच्या मध्यावर सावंतवाडीत ही कला जाणणारे अगदी मोजके वृद्ध चितारी उरले होते. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा काम सुरू केलं. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफांचा अभ्यास जगापुढे मांडला. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं. चित्रं वाचली, याचा आनंद आहेच. पण पानं घेणारे बहुतेक जण ती भिंतीवर लावतात. डाव मांडणारे फार थोडे. सापशिडीत मुलूख गेला आणि नियम राहिले. इथे मुलूख राहिला आणि नियम विसरत चालले.

तिसरी गोष्ट बोलण्याची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हा सूत्रधार पदं म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी करत. तमाशाच्या वगाचंही तसंच. भांडगावाशेजारचा चौफुला कलाकेंद्रांसाठी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. जुन्या फडांत वगाचा सांगाडा ठरलेला असे, संवाद मात्र कलावंत उभ्या उभ्या रचत. म्हणजे टेबलाभोवतीच्या त्या खेळातला सूत्रधार आणि ऐनवेळचं बोलणं, दोन्ही आपल्याला परकं नाही.

मग त्यांचं पुस्तक का वाढलं आणि आपला पट का विरला? मला वाटतं, कारण साधं आहे. त्यांनी मुलूख आणि नियम एकाच पुस्तकात लिहून ठेवले आणि बोलणं तेवढं खेळणाऱ्यावर सोडलं. आपण सगळंच माणसांच्या तोंडी ठेवलं. माणसं गेली, की घरांची नावं गेली, उतारीचे नियम गेले, वगातले उभ्या उभ्या रचलेले संवादही गेले.

अजून वेळ गेलेली नाही. गावागावांत सारीपाट, पटसोंगट्या, कवड्यांचे खेळ ठाऊक असलेली म्हातारी माणसं आहेत. प्रत्येक गावाचा नियम थोडा निराळा, दानांची नावं निराळी. शाळांनी मुलांना एक वही देऊन त्यांच्याकडे पाठवावं आणि ते जसंच्या तसं उतरवून आणायला सांगावं. नुसतं उतरवून थांबू नये, खेळायलाही लावावं. भीमेचा काठ, भुलेश्वरचा डोंगर, पालखीची वाट आणि भीमथडीची तट्टं एवढं ज्या मुलांच्या पायाशी आहे, त्यांना नवा मुलूख रचायला परक्या पुस्तकाची परवानगी लागणार नाही. खेळ कसा खेळायचा हे सांगणारं माणूस असेपर्यंत ती वही भरली पाहिजे, इतकंच.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)